देणारा कोण, घेणारा कोण?

मुक्त सॉफ्टवेअरचे वाटप आणि कायद्याची नजर

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संगणकाच्या आज्ञावल्या, म्हणजे ज्यांना आज सर्रास सॉफ्टवेअर म्हटले जाते त्या, एकाने दुसऱ्याला द्याव्यात की देऊ नयेत, हा प्रश्न वरवर पाहता तंत्रज्ञांचा आणि वकिलांचा वाटतो. समाजवादी कार्यकर्त्याने त्यात डोके का घालावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु कामगार संघटनेचा हिशेब, पतसंस्थेची खातेवही, शाळेची प्रयोगशाळा आणि साप्ताहिकाची जुळणी यांपैकी आज काहीही संगणकावाचून चालत नाही. उत्पादनाचे साधन कोणाच्या मालकीचे, हा ज्या चळवळीचा आद्य प्रश्न, तिला या नव्या साधनाच्या मालकीकडे पाठ फिरवता येणार नाही. त्याहूनही महत्त्वाचे असे की, मुक्त सॉफ्टवेअर एकमेकांना वाटण्याची जी पद्धत गेल्या पाव शतकात रूढ झाली, तिने कायद्यापुढे एक मूलगामी पेच उभा केला आहे. सहकाराने होणारे काम कायद्याच्या चौकटीत बसवायचे कसे, असा तो पेच आहे.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे. इंग्रजीतील 'फ्री' या एकाच शब्दाने दोन अर्थांची गल्लत करून ठेवली आहे. मराठीला ती अडचण नाही. फुकट वेगळे आणि मुक्त वेगळे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'जीएनयू' प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था स्थापन केली. त्यांच्या मांडणीत स्वातंत्र्ये चार आहेत : आज्ञावली कोणत्याही कामासाठी चालवण्याचे, तिची रचना अभ्यासून ती बदलण्याचे, तिच्या प्रती इतरांना देण्याचे, आणि सुधारलेली प्रतही इतरांना देण्याचे. अशी आज्ञावली पैसे घेऊन विकता येते. तरीही ती मुक्त असते. उलट, एखादी कंपनी आपली आज्ञावली फुकट देते, पण तिची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, कुलुपात ठेवते आणि पुढे वाटण्यास मनाई करते. ती फुकट असली तरी मुक्त नव्हे. फुकटाच्या मोहाने येणारा ग्राहक आणि स्वातंत्र्याच्या जाणिवेने येणारा नागरिक यांत जे अंतर आहे, तेच या दोन शब्दांत आहे.

आता कायद्याकडे वळू. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाच्या आज्ञावलीला 'साहित्यकृती'च्या व्याख्येत स्थान मिळाले. याचा परिणाम असा की, आज्ञावली लिहून होताच कर्त्याचा हक्क आपोआप जन्माला येतो आणि त्याच्या अनुमतीवाचून प्रत काढणे किंवा वाटणे निषिद्ध ठरते. कायद्याचा सर्वसाधारण नियम मनाईचा. परवानगी हा अपवाद. स्टॉलमन यांनी हेच शस्त्र उलटे धरले. १९८९ मध्ये 'जनरल पब्लिक लायसन्स', म्हणजे जीपीएल हा सार्वजनिक परवाना आला आणि जून १९९१ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. कर्ता आपला हक्क सोडून देत नाही. तो हक्क राखतो आणि त्याच्या जोरावर जगाला सांगतो : घ्या, वापरा, बदला, वाटा, मात्र ज्याला द्याल त्यालाही हीच मोकळीक द्या आणि मूळ संहिता त्याच्यापासून लपवू नका. फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलेले लिनक्स १९९२ मध्ये याच परवान्याखाली आले.

मूळ संहितेची ही अट परवान्याचा कणा आहे. यंत्राला कळणारी प्रत माणसाला वाचता येत नाही. ती देऊन संहिता न देणे म्हणजे विहीर वापरायला देऊन दोर आपल्या घरी ठेवणे होय. म्हणून जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीने वाटणाऱ्यापुढे निश्चित मार्ग ठेवले. यंत्रप्रतीबरोबरच संहिता द्यावी. किंवा मागेल त्या कोणालाही ती पुरवू, अशी किमान तीन वर्षांची लेखी हमी द्यावी. किंवा वाटप व्यापारी नसेल आणि स्वतःला अशी हमी मिळाली असेल, तर तीच पुढे द्यावी. एखाद्या नेमक्या ठिकाणाहून प्रत उतरवून घेण्याची सोय केली असेल, तर संहिताही त्याच ठिकाणी तशीच उपलब्ध असली की पुरे. अट मोडली, तर परवान्याने दिलेला हक्क आपोआप संपुष्टात येतो.

ही कलमे लिहिताना कर्त्यांच्या डोळ्यांसमोर १९९१ चे जग होते. फ्लॉपी, फीत आणि विद्यापीठांतील मोजकी सेवायंत्रे हीच तेव्हाची वाटपाची साधने. देणारा एका बाजूला आणि घेणारा दुसऱ्या बाजूला, ही विभागणी इतकी उघड होती की तिच्याबद्दल शंका घेण्याचे कारणच नव्हते.

पुढे जे बदलले ते अर्थशास्त्राच्या अंगाने समजून घेतले पाहिजे. आज्ञावलीची आणखी एक प्रत काढण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. पण ती लाखो लोकांपर्यंत एकाच सेवायंत्रातून पोचवण्याचा खर्च शून्य नसतो. मागणी वाढली की सेवायंत्रावरचा भार वाढतो आणि तो पेलणे केवळ धनाढ्य कंपन्यांना परवडते. म्हणजे वस्तू मुक्त, पण तिच्याकडे जाणारा रस्ता मात्र सावकाराच्या शेतातून, अशी स्थिती होते. २००१ मध्ये ब्रॅम कोहेन या अमेरिकन तंत्रज्ञाने बिटटॉरेंट नावाची पद्धत लोकांपुढे ठेवून या अडचणीवर तोड काढली. तीत मोठ्या फायलीचे लहान लहान तुकडे करतात. ज्याला एक तुकडा मिळाला तो दुसरे तुकडे घेत असतानाच आपल्याजवळचा तुकडा तिसऱ्याला देऊ लागतो. प्रत्येक तुकड्याची ओळखखूण तपासली जात असल्याने मूळ फायलीत मध्येच कोणी भेसळ केली तर ती उघडकीस येते. मागणी वाढली की पुरवठाही वाढतो, कारण मागणाराच पुरवणारा असतो.

ग्रामीण महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. शेतकरी ज्याला सावड म्हणतात तीच ही. आज याच्या शेतात सर्वांनी राबायचे, उद्या त्याच्या. मजुरीची देवघेव नाही, मुकादम नाही. इंग्रजीत 'पीअर-टू-पीअर' म्हणतात त्याला मराठीत सावडीचे वाटप म्हणावे. डेबियन, उबुंटू यांसारख्या मुक्त संगणकप्रणाली आणि लिबरऑफिससारखी कार्यालयीन आज्ञावली अशा वाटपाने अधिकृतपणे मिळू शकतात.

पेच येथेच उभा राहतो. सावडीत देणारा कोण आणि घेणारा कोण? तालुक्याच्या गावातील एखाद्या वाचनालयाने आपल्या संगणकासाठी या पद्धतीने लिनक्सची प्रत मागवली, असे समजा. प्रत उतरत असतानाच तिचे तुकडे नाशिकला, नैरोबीला किंवा लिमाला जात असतात. वाचनालयाच्या कार्यवाहाला याची कल्पनाही नसेल. पण परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीचे शब्द काटेकोरपणे लावले, तर तो यंत्रप्रतीचा वितरक ठरतो. त्याने संहिता बरोबर दिलेली नाही. तीन वर्षांची हमी दिलेली नाही. आणि 'त्याच ठिकाणी संहिता उपलब्ध आहे' असे म्हणावे, तर सावडीला ठिकाणच नसते. मग केवळ घेण्याच्या ओघात त्याचा हक्क संपुष्टात आला, असे म्हणायचे काय?

कोणी म्हणेल, हा शब्दच्छल झाला. मुक्त सॉफ्टवेअरचे कर्ते वाचनालयावर खटला भरायला थोडेच येणार आहेत! हे उत्तर सोयीचे आहे, पण पुरेसे नाही. २००४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने राउटर विकणाऱ्या एका कंपनीला जीपीएलच्या अटी न पाळल्याबद्दल मनाईहुकूम दिला. २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने जेकबसन विरुद्ध कॅटझर या खटल्यात असे ठरवले की, मुक्त परवान्याच्या अटी मोडणे हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. या निकालांचे स्वागत झाले, आणि ते योग्यच होते. कारण लोकांच्या श्रमाची फळे घेऊन संहिता दडपणाऱ्या कंपन्यांना त्यांनी वेसण घातली. पण जी अट कंपनीला बांधते, तीच शब्दशः वाचनालयालाही बांधते. कंपनीपुढे अट पोलादी आहे आणि मित्रापुढे कागदी आहे, असे एकाच तोंडाने म्हणता येत नाही. आणि सर्वांसाठी अट सैल केली, तर पहिली पळवाट कंपनीच शोधील. म्हणजे उपाय असा हवा की, जो सावडीत केवळ सहभागी झाला त्याला ओझे नको. पण ज्याने वाटप सुरू केले त्याची जबाबदारी सुटता कामा नये.

असा उपाय निघाला, ही या कथेतील आशादायक गोष्ट. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीचा पहिला मसुदा जानेवारी २००६ मध्ये जाहीर झाला. स्टॉलमन यांच्याबरोबर कोलंबिया विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक एबेन मोग्लेन यांनी त्यावर काम केले. सुमारे दीड वर्ष जाहीर चर्चा होऊन २९ जून २००७ रोजी अंतिम आवृत्ती निघाली. तिच्यातील दोन तरतुदी येथे महत्त्वाच्या आहेत. नवव्या कलमात म्हटले आहे की, केवळ प्रत मिळवण्यासाठी सावडीच्या वाटपात भाग घेतला आणि त्या ओघात प्रसार घडला, तर तेवढ्यासाठी परवाना स्वीकारण्याची गरज नाही. सहाव्या कलमात जाणूनबुजून अशा रीतीने प्रती देणाऱ्याला मुभा दिली आहे. अट इतकीच की, यंत्रप्रत आणि तिची संहिता सार्वजनिक रीतीने, विनामूल्य, कोठे मिळते हे त्याने इतरांना कळवावे. शिवाय चुकून अट मोडली गेली, तर ती सुधारून हक्क परत मिळवण्याची वाटही या आवृत्तीने मोकळी केली.

वरकरणी ही दोन वाक्ये क्षुल्लक दिसतात. पण त्यांत एक तत्त्व आहे. जबाबदारी हाताच्या संख्येवर नसावी, ती पुढाकारावर असावी. दिंडीत चालणाऱ्या प्रत्येकाला दिंडीचा चालक समजून नोटीस बजावता येत नाही.

मात्र प्रश्न येथे संपत नाही. लिनक्सचा गाभा आजही जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखालीच आहे आणि इतर अनेक आज्ञावल्याही तशाच आहेत. त्यांच्या बाबतीत खबरदारी घेणे वाटपकर्त्या संस्थांच्या हातात आहे. यंत्रप्रतीशेजारी तिची संहिताही तितक्याच सुलभतेने ठेवणे, ही ती खबरदारी होय.

भारतीय कायद्याने या बाबतीत काय केले? २०१२ च्या दुरुस्तीत तीन गोष्टी झाल्या. तिसाव्या कलमात परवाना लेखी आणि कर्त्याच्या सहीचा हवा, असे होते. त्यातील सहीची आवश्यकता गेली. मुक्त परवाने सहीशिवायच जगभर फिरत असल्याने हा बदल उपकारक ठरला. दुसरी गोष्ट अशी की, केवळ तांत्रिक प्रेषणाच्या ओघात जी क्षणिक साठवण होते, तिला बावन्नाव्या कलमाने संरक्षण दिले. तिसरी म्हणजे, दुवे आणि प्रवेश पुरवताना होणाऱ्या आनुषंगिक साठवणीलाही मर्यादित संरक्षण मिळाले. थोडक्यात, माल वाहून नेणाऱ्या कंपनीची अडचण कायद्याने ओळखली. पण सावडीतील नागरिक ती प्रत क्षणभर नव्हे, कायम जवळ ठेवतो आणि पुढेही देत राहतो. त्याचा विचार या तरतुदींत झालेला दिसत नाही. वाहतूकदाराला कायद्यात जागा मिळाली, सावडकऱ्याला नाही.

अशी जागा देता येत नाही, असे मात्र नाही. बिटटॉरेंटच्या परिभाषेत संपूर्ण प्रत जवळ ठेवून इतरांना देत राहणाऱ्याला 'सीडर', म्हणजे बी पुरवणारा म्हणतात. योगायोग असा की, प्रत्यक्ष बियाण्याच्या बाबतीत भारतीय संसदेने हा प्रश्न सोडवला आहे. वनस्पतींचे वाण व शेतकऱ्यांचे हक्क यांच्या संरक्षणाचा कायदा २००१ मध्ये झाला. त्याच्या एकोणचाळिसाव्या कलमाने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, पुन्हा पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला; फक्त संरक्षित वाणाचे बियाणे ब्रँडच्या नावाने विकण्यास मनाई ठेवली. पैदासकाराचा हक्क राहिला आणि शेजाऱ्याला ओंजळभर बी देण्याची रीतही राहिली. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगाने जे दोन खाजगी कलमांनी साधले, ते बियाण्याच्या जगात संसदेने कायद्याने साधले.

दुसरा प्रश्न साधनाचा आहे. सावडीचे वाटप म्हटले की न्यायालयांना, पोलिसांना आणि वृत्तपत्रांना चोरीचे चित्रपट आठवतात. ही आठवण निराधार नाही. पण साधन आणि त्याचा दुरुपयोग यांतला विवेक न्यायालयांनीही सांभाळला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सोनी कंपनीच्या व्हिडिओ रेकॉर्डरबाबत, पाच विरुद्ध चार अशा बहुमताने, ज्या साधनाचा भरीव कायदेशीर उपयोग आहे त्याच्या विक्रेत्याला केवळ विक्रीसाठी दोषी धरता येत नाही, असे ठरवले. २००१ मध्ये नॅपस्टर या संगीतवाटपाच्या सेवेविरुद्ध निकाल गेला. २००५ मध्ये ग्रोक्स्टर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की, जो कॉपीराइटभंगाला उत्तेजन देण्याच्या हेतूने साधन पसरवतो तो जबाबदार ठरतो. म्हणजे दोष साधनाचा नव्हे, चिथावणीचा. त्याच खटल्यात न्यायमूर्ती ब्रायर यांनी आपल्या सहमतीच्या निकालपत्रात अशा वाटपाच्या कायदेशीर उपयोगांची यादी देताना लिनक्सचा नावानिशी उल्लेख केला. मुक्त सॉफ्टवेअर हे सावडीच्या वाटपाच्या निर्दोषतेचे साक्षीदार ठरले, असे म्हणावयास हरकत नाही.

भारतात हा विवेक प्रत्येक वेळी शाबूत राहिला नाही. २०१२ मध्ये दोन दक्षिणी चित्रपटांच्या संरक्षणासाठी मद्रास उच्च न्यायालयातून मिळवलेल्या आदेशांचा आधार घेऊन इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी संपूर्ण संकेतस्थळेच बंद केली. जूनमध्ये न्यायालयाला स्पष्ट करावे लागले की, मनाई चोरीची प्रत असलेल्या नेमक्या पत्त्यापुरती आहे, सबंध संकेतस्थळासाठी नाही. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मुख्यतः चोरीच्या प्रतींवरच चालणाऱ्या संकेतस्थळांसाठी वेगळा नियम केला आणि त्यांची नवी रूपेही त्या आदेशाखाली आणण्याची सोय केली. तरीही मनाईचे प्रमाण अपराधाच्या प्रमाणात असावे, ही भूमिका त्या निकालाने सोडली नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॉपीराइट कायद्याच्या त्रेसष्टाव्या कलमाखालील अपराध दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचा निर्वाळा दिला. या कलमाखाली सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. अर्थात अपराध जाणूनबुजून केलेला असला पाहिजे, असे कलमातच आहे. पण पोलीस ठाण्याच्या दारात 'मुक्त' आणि 'चोरीचे' यांतला फरक समजावून सांगण्याची पाळी एखाद्या विद्यार्थ्यावर यावी, ही कल्पनाच त्याला सावडीपासून दूर ठेवायला पुरेशी आहे. कायद्याची भीती कायद्याहून लांब पोचते.

येथे एका आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. ज्ञान सर्वांचे आहे, मग परवानगी कसली, असा युक्तिवाद चळवळीतील काही तरुण करतात. त्यात जोम आहे, पण विवेक नाही. लेखक, संगीतकार, चित्रपटातील तंत्रज्ञ आणि छोटा प्रकाशक हेही श्रमजीवीच आहेत. त्यांच्या मेहनतीची प्रत त्यांच्या संमतीवाचून वाटणे म्हणजे मक्तेदारीशी लढणे नव्हे. मुक्त सॉफ्टवेअरचे नैतिक बळ त्याच्या कर्त्यांनी स्वेच्छेने दिलेल्या संमतीत आहे. ते बळ चोरीच्या प्रतींशी सरमिसळ करून कोणी घालवू नये. कॉपीराइटची मुदत अवास्तव लांब आहे, तिचा लाभ निर्मात्यापेक्षा कंपनीला अधिक होतो, हे सारे खरे. त्यासाठी कायदा बदलण्याचा लढा उघडपणे द्यावा.

तेव्हा कार्यकर्त्यांनी करावयाचे काय?

पहिले, संस्थेच्या संगणकावर काय आहे ते तपासावे. मालकीच्या आज्ञावलीची विनापरवाना प्रत जाणूनबुजून वापरणे हा त्रेसष्ट-ब कलमाखाली स्वतंत्र अपराध आहे. त्यात किमान सात दिवसांच्या कारावासाची तरतूद आहे. मुक्त पर्याय उपलब्ध असताना हा धोका पत्करण्यात शौर्य नाही.

दुसरे, सावडीने मुक्त सॉफ्टवेअर घ्यावे आणि निःसंकोच द्यावे. प्रत मूळ संस्थेच्या अधिकृत पत्त्यावरून आलेली असावी, परवान्याची प्रत तिच्यासोबत असावी आणि संहिता कोठे मिळते ते पुढच्याला सांगावे.

तिसरे, आज्ञावलीत बदल केला असेल तर तसे नमूद करावे आणि बदललेली संहिताही द्यावी. नावाचा हक्क हा कॉपीराइटहून वेगळा असतो, हेही विसरू नये. बदललेल्या प्रतीला फायरफॉक्स हे नाव लावण्यावरून वाद झाला, तेव्हा २००६ मध्ये डेबियनने ते नाव सोडून आइसवीझल हे नाव घेतले आणि २०१६ मध्ये वाद मिटल्यावर मूळ नाव परत आणले. दहा वर्षे नाव वेगळे राहिले, पण वाटप थांबले नाही.

चौथे, लोकांच्या पैशातून तयार झालेल्या आज्ञावल्या लोकांच्या स्वाधीन कराव्यात, अशी मागणी लावून धरावी. मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण केंद्र सरकारने २०१५ मध्येच जाहीर केले आहे. ते प्रत्येक जिल्हा परिषदेत, विद्यापीठात आणि मंडळात अमलात येते की नाही, हे विचारण्याचे काम कार्यकर्त्यांचे आहे.

आणि पाचवे, महाविद्यालयांच्या आणि कचेऱ्यांच्या जाळ्यांवर सावडीचे वाटप सरसकट बंद ठेवण्याची जी रीत पडली आहे तिला हरकत घ्यावी. कॉपीराइटच्या नावाखाली मनाई करायचीच असेल, तर ती चोरीच्या प्रतीवर असावी, वाटण्याच्या कृतीवर नव्हे. बियाण्याच्या कायद्यात शेतकऱ्याला जे स्थान मिळाले, तसे स्थान कॉपीराइटच्या कायद्यात कर्त्याच्या संमतीने वाटप करणाऱ्या नागरिकाला मिळावे, अशी दुरुस्ती खासदारांकडून मांडून घ्यावी.

कायद्याला व्यापारी ओळखता येतो, ग्राहक ओळखता येतो आणि चोरही ओळखता येतो. बरोबरीच्या नात्याने देणारा आणि घेणारा माणूस त्याला अजून नीटसा ओळखता येत नाही. हे अज्ञान संगणकापुरते नाही. पाणी, बियाणे, जंगल, ज्ञान, जेथे जेथे माणसे मालक किंवा गिऱ्हाईक न होता भागीदार होतात, तेथे तेथे ते आडवे येते. मुक्त सॉफ्टवेअरच्या कर्त्यांनी दोन कलमे लिहून आपल्यापुरता मार्ग काढला. उरलेला मार्ग विधिमंडळांतून आणि संसदेतून काढावा लागेल, आणि त्यासाठी लागणारा रेटा चळवळीनेच उभा करावयाचा आहे.